गोव्याला जाताय? पावती मागायला लाजू नका

नाताळ असो, मे महिना असो की लागून आलेल्या सुट्ट्या, गोव्याचा बेत ठरला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "गोवा काय, आपलंच आहे, तिथं कसली भीती?" दुसऱ्याच्या मोबाइलवर तोवर एखादी बातमी येऊन पडलेली असते: कुणी बुडालं, कुठं हाणामारी झाली, कुणाला व्हिलाच्या नावानं गंडवलं. दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य असतं.

खुनाची बातमी पहिल्या पानावर येते. पण साध्या पर्यटकाला भोवतात त्या गोष्टी साध्याच असतात: बुकिंगचे बुडालेले पैसे, स्कूटरच्या डिकीतून गेलेलं पाकीट, घसरलेली गाडी, क्लबचं फुगवलेलं बिल, समुद्राचा चुकलेला अंदाज. या बहुतेक प्रसंगांत एक गोष्ट सारखी आढळते. नोंद असलेली, कायदेशीर सोय शेजारीच असते. पण दोनशे रुपये किंवा दहा मिनिटं वाचवायला आपण बिननोंदीचा मार्ग धरतो. ठकाला नेमकं तेच हवं असतं. पावती नको, नंबर नको, साक्षीदार नको.

म्हणून प्रवासाच्या क्रमानंच एकेक टप्पा पाहू, आणि प्रत्येक ठिकाणी ही नोंद कुठे शोधायची तेही पाहू.

१. खोली ठरवताना

फसवणुकीची पहिली संधी घरबसल्याच येते. इन्स्टाग्रामवर एखाद्या व्हिलाची, म्हणजे सुट्टीपुरत्या भाड्यानं मिळणाऱ्या बंगल्याची जाहिरात दिसते. फोटो खरे असतात, फक्त बंगला दुसऱ्याचा असतो. भाडं आसपासच्या दरापेक्षा थोडंच कमी ठेवलेलं असतं, कारण फार कमी ठेवलं तर संशय येतो, हे ठकालाही कळतं. मग व्हॉट्सॲपवर गोड बोलणं सुरू होतं. "आणखी दोन पार्ट्या मागे लागल्यात, अर्धे पैसे आत्ता टाकले तर तुमच्यासाठी धरून ठेवतो." सात-आठ जणांचा ग्रुप सामानासकट फाटकाशी पोचतो, तेव्हा तिथला राखणदार सांगतो की या नावाचं बुकिंगच नाही. तोवर तो फोन नंबर बंद झालेला असतो.

गोव्यात पर्यटकांना खोली किंवा बंगला भाड्यानं द्यायचा तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. त्यामुळे पहिला प्रश्न भाड्याचा नको, नोंदणी क्रमांकाचा असू द्या. खरा मालक तो लगेच पाठवतो. ठक विषय बदलतो.

दुसरी खात्री व्हिडिओ कॉलची. घराच्या आतून कॉल करायला सांगा आणि फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत चालत दाखवायला सांगा. तिसरी खात्री पैसे पाठवताना करायची. यूपीआयवर रक्कम टाकण्याआधी स्क्रीनवर ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचं नाव दिसतं. हॉटेलचं नाव एक आणि खातेदार भलताच असेल तर तिथंच थांबा.

इथं अनेकजण एका ठिकाणी चुकतात. हॉटेल नामांकित आहे म्हणून निर्धास्त होतात आणि त्याचा फोन नंबर मात्र इंटरनेटवर पहिला दिसेल तो उचलतात. नामांकित हॉटेलांच्या नावानं बनावट नंबर आणि हुबेहूब वेबसाइट फिरत असतात. शक्य असेल तर बुकिंग ॲपवरूनच पैसे भरा. "ॲप रद्द करा, थेट दिलेत तर दहा टक्के सूट," असं कुणी म्हणालं तर त्या दहा टक्क्यांच्या बदल्यात आपण पैसे परत मिळण्याचा मार्ग सोडतो आहोत हे लक्षात ठेवा.

ओळखपत्र म्हणून आधार द्यायचं असेल तर 'मास्क्ड आधार' द्या. त्यात शेवटचे चार आकडे दिसतात, बाकीचे झाकलेले असतात.

२. उतरल्यावर

गोव्याला दोन विमानतळ आहेत. दाभोळी वास्कोजवळ आहे, तर २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेला मोपा उत्तरेला पेडणे तालुक्यात. तिकीट काढताना हे न पाहिल्यानं मोपाला उतरून पाळोळ्याला, म्हणजे राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारे बरेच भेटतात. रात्री उशिरा, अनोळखी रस्त्यानं, मिळेल त्या गाडीनं लांबचा प्रवास करावा लागणं ही असुरक्षिततेची सुरुवातच म्हणायची. हॉटेल आणि विमानतळ यांचा मेळ आधीच घाला. रेल्वेनं जाणाऱ्यांसाठीही हाच हिशोब: उत्तरेच्या किनाऱ्यांना थिवी जवळ पडतं, दक्षिणेच्या बऱ्याच किनाऱ्यांना मडगाव.

मुंबई-पुण्यासारखी ओला-उबर उघडली की गाडी येईल, असं गृहीत धरू नका. गोव्यात टॅक्सीवाले आणि ॲप यांचा वाद जुना आहे. विमानतळावरचा प्रीपेड काउंटर, म्हणजे आधी पैसे भरून पावती घ्यायची खिडकी, किंवा 'गोवा माईल्स' हे ॲप वापरा. दाराबाहेर बॅग हातातून घेऊन "चला, स्वस्तात नेतो" म्हणणारा माणूस कदाचित भलाही असेल, पण त्याच्या गाडीची नोंद कुठेच होत नाही.

एकटं माणूस आणि थोडं अंतर असेल तर गोव्याचा 'पायलट' उत्तम. पायलट म्हणजे परवाना असलेली मोटारसायकल टॅक्सी. भाडं बसण्याआधी ठरवा, उतरताना नको.

३. भाड्याची स्कूटर

गोव्यात बहुतेक वर्षी रस्ते अपघातांत अडीचशेहून जास्त माणसं दगावतात, आणि त्यांत दुचाकीवरच्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. म्हणजे ज्या वस्तूची आपल्याला कधी भीती वाटत नाही, तीच इथं सर्वांत धोक्याची.

आधी नंबरप्लेट पाहा. भाड्यानं द्यायची परवानगी असलेल्या पेट्रोलच्या दुचाकीची पाटी काळी असते आणि तिच्यावर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. ती भाड्यानं देणं बेकायदा आहे. पोलिसांनी अडवलं तर खोळंबा आपला होतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. दिवसाला शंभर-दीडशे रुपये वाचवण्यासाठी हा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

मग परवाना. कार चालवण्याचा परवाना असला म्हणजे स्कूटर चालवता येते, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. परवान्यावर दुचाकीचा प्रकार स्वतंत्र लिहिलेला असावा लागतो. परवाना नसताना गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्यात पाच हजारांचा दंड आहे. डिजिलॉकरमधला परवाना चालतो, त्याचा नुसता फोटो चालत नाही.

गाडी ताब्यात घेताना दुकानदारासमोरच मोबाइलवर व्हिडिओ काढा. पुढचा मडगार्ड, दोन्ही आरसे, ब्रेकच्या दांडीचं टोक, पायाशी असलेला फायबरचा भाग, सायलेन्सरची खालची बाजू, टायरची नक्षी आणि पेट्रोलचा काटा, या क्रमानं फिरवा. गाडी परत देताना "हा ओरखडा तुमच्याकडून पडला, चार हजार द्या" हा वाद बहुतेक वेळा याच जागांवरून होतो. सायलेन्सरखाली वाकून कुणी पाहत नाही, म्हणून जुना ओरखडा तिथंच दाखवला जातो.

अनामत, म्हणजे डिपॉझिट, दिली तर पावती घ्या. मूळ आधार किंवा मूळ परवाना दुकानात ठेवू नका. वाद झालाच तर तो कागद समोरच्याच्या हातातलं हत्यार ठरतो.

हेल्मेट दोघांनाही हवं, मागे बसणाऱ्यालाही. आणि दारू पिऊन गाडी नकोच. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर मद्य सापडलं की गुन्हा होतो. पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. "फक्त दोन बिअर" हा बचाव यंत्रासमोर टिकत नाही.

४. किनाऱ्यावर सामान

किनाऱ्यावरची चोरी झटापटीनं होत नाही, बिनआवाजाची होते. चौघं येतात, स्कूटर उभी करतात, पाकिटं आणि मोबाइल सीटखालच्या डिकीत टाकतात आणि किल्ली खिशात घालून निर्धास्त पाण्यात जातात. पण आपण डिकीत काय ठेवलं हे पार्किंगमध्ये उभा असलेला माणूस बघत असतो. सीटची एक कड जोर लावून उचलली की हात आत जाण्याइतकी फट पडते. कुलूप तुटत नाही, त्यामुळे परत आल्यावरही काही कळत नाही. चोरी कळते ती हॉटेलवर गेल्यावर, आणि मग ती किनाऱ्यावर झाली की वाटेत, हेही सांगता येत नाही.

यावर उपाय साधा आहे. किनाऱ्यावर जाताना एक कार्ड, थोडी रोकड आणि एकच फोन बरोबर घ्या. बाकी सगळं खोलीतल्या तिजोरीत किंवा कुलूप लावलेल्या बॅगेत ठेवा. काही डिकीत ठेवावंच लागलं तर ते हॉटेलच्या आवारातच ठेवून निघा, किनाऱ्यावर सगळ्यांसमोर डिकी उघडू नका.

पाण्यात सगळ्यांनी एकदम जायचं नाही. एकजण सामानापाशी थांबेल. वाळूवर पथारी टाकण्यापेक्षा एखाद्या शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या परवानाधारक तात्पुरत्या खानावळीत, बसून काही मागवलं तर निदान ओळखीचं एक टेबल मिळतं. मात्र मासळी तिथंही मेनूकार्डवर किंमत पाहूनच मागवा. "साहेब, फ्रेश आहे, बघून घेऊ" म्हणत आणलेल्या किंगफिशचा भाव बिलातच कळतो.

५. पाण्यात उतरताना

गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून 'दृष्टी मरीन' या संस्थेचे जीवरक्षक सरकारच्या वतीनं तैनात असतात. पाण्यावर त्यांची नजर सकाळी साडेसातपासून संध्याकाळी सहापर्यंत असते. आपल्याकडचा पर्यटक दुपारी जेवून झोपतो आणि पाण्यात जायला निघतो तो सूर्यास्ताला, म्हणजे नेमका जीवरक्षक टेहळणीवरून उतरण्याच्या वेळेला.

झेंडे वाचायला शिका. लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचं नाही. लाल-पिवळे दोन झेंडे रोवले असतील तर त्या दोन झेंड्यांमधला पट्टा पोहायला नेमून दिलेला असतो. झेंडे नाहीत, जीवरक्षक नाही, असा निवांत किनारा फोटोला छान दिसतो, पण पोहायला तो नको. जून ते सप्टेंबर तर पाण्यापासून लांबच राहा.

आता बुडण्यामागचं मोठं कारण समजून घेऊ. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचं पाणी परत समुद्रात जायला वाट शोधतं. पाण्याखालच्या वाळूच्या बांधाला कुठंतरी खिंड असते. तिथून ते पाणी एकवटून जोरात आत जातं. याला रिप करंट म्हणतात, म्हणजे किनाऱ्यापासून आत खेचणारा अरुंद प्रवाह. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे नवख्या माणसाला तीच जागा शांत वाटते आणि तो मुलांना घेऊन तिथंच उतरतो.

प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं हातपाय मारू नका. पट्टीचा पोहणाराही त्यात थकतो, आणि दमलेला माणूस बुडतो. अंग सैल सोडून तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि किनाऱ्याला समांतर, म्हणजे डावीकडे किंवा उजवीकडे, सरका. प्रवाह अरुंद असल्यानं थोड्या अंतरावर त्याचा जोर संपतो. मग लाटांबरोबर तिरकं बाहेर या.

मित्र बुडताना दिसला की दुसरा मित्र धावतो, मग तिसरा. एका ग्रुपमधले दोघं-तिघं एकदम जातात ते असे. धावायचं ते जीवरक्षकाकडे. तो येईपर्यंत तरंगणारं काहीही, रिकामा कॅन किंवा बॉल, बुडणाऱ्याकडे फेका. आणि पोटात दारू असेल तर गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ नका.

६. बोट, पॅराग्लायडिंग वगैरे

२५ डिसेंबर २०२४ ला कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटली. एकाचा मृत्यू झाला, वीसजणांना वाचवण्यात आलं. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता तोच, जानेवारी २०२५ मध्ये केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुणी आणि तिचा पायलट दोघंही दरीत कोसळून मरण पावले. तो व्यवसाय परवानगीशिवाय चालत असल्याचं पुढे आलं.

यातून घ्यायचा धडा असा. वाळूवर हिंडणारा दलाल "पाच राइड्स इतक्यात" म्हणतो, तेव्हा तो फक्त गिऱ्हाईक आणून देणारा असतो. बोट कुणाची, परवाना कुणाचा, हे त्यालाही ठाऊक नसतं. काउंटरवर जाऊन छापील पावती घ्या. तिच्यावर व्यवसायाचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे ना, ते पाहा.

लाइफ जॅकेट स्वतः घाला आणि त्याचे सगळे पट्टे लावा. पट्टे न लावलेलं जॅकेट पाण्यात पडताच डोक्यावरून निघून जातं. लहान मुलाला मोठ्यांचं जॅकेट चालत नाही. बोटीत जागेपेक्षा जास्त माणसं भरताना दिसली तर उतरा, पैसे गेले तरी चालतील.

७. आपल्या हातून होणारे गुन्हे

आपण फक्त बळी ठरू शकतो, असं समजू नका. किनाऱ्यावर आपल्या हातूनही कायदा मोडतो. उघड्यावर दारू पिणं आणि स्वयंपाक करणं याला २०१९ पासून दंड आहे, आणि २०२५ मध्ये दंड आणखी वाढवला गेला. फुटलेल्या बाटल्यांची काच वाळूत दिसत नाही, पण अनवाणी पायांना सापडते, म्हणून ही कडक भूमिका. गोव्यात दारू विकत घ्यायला वयाची अटही आहे.

वाळूवर गाडी घालणं हाही गुन्हा. रीलसाठी जीप पाण्यापर्यंत नेणारे दर हंगामात भरतीत अडकतात आणि नंतर पोलीस ठाण्यात बसतात. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथं तर त्याच वाळूत कासवं अंडी घालतात.

अनोळखी बाईचा, देशी असो वा परदेशी, परवानगीशिवाय फोटो काढू नका. राज्याच्या पर्यटन खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये सूचनापत्र काढून इतर पर्यटकांचे फोटो आणि सेल्फी विचारल्याशिवाय घेऊ नका, असं बजावलं होतं. मागे मागे फिरणं, पुन्हा पुन्हा बोलायला जाणं याला भारतीय न्याय संहितेत पाठलागाचा गुन्हा म्हणतात.

८. "माल पाहिजे?" आणि तोतया पोलीस

संध्याकाळनंतर हणजूण, वागातोर, हरमलच्या बाजूला कुणीतरी जवळून जाताना हळूच विचारतो. उत्तर न देता पुढे चला. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा गोव्यातही तितकाच कडक आहे. "थोडंसंच होतं" याला शिक्षा कमी असते, पण गुन्हा गुन्हाच राहतो. गांजाची 'अल्प मात्रा' एक किलोपर्यंत धरली जाते. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एमडीएमएसारख्या गोळीची अल्प मात्रा मात्र अर्ध्या ग्रॅमवरच संपते. मुंबईतला मित्र गांजाचं गणित सांगतो आणि पोरं तेच गोळीला लावतात, तिथं आयुष्य फसतं.

या भीतीवर दुसरा धंदा चालतो. माल विकणारा जातो आणि पाच मिनिटांत साध्या कपड्यांतले दोघं येऊन म्हणतात, "आम्ही पोलीस, पन्नास हजार द्या, नाहीतर आत." खऱ्या पोलिसाकडे ओळखपत्र मागणं हा उद्धटपणा नाही. ते पाहा, नाव आणि ठाणं विचारा, आणि शंका आली की समोरच ११२ लावा. अंगझडती घ्यायची असेल तर याच कायद्याच्या कलम ५० नुसार राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर ती घ्या, असं म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे. बाईची झडती बाईच घेते. "एटीएमपर्यंत चला" म्हणणारा पोलीस नव्हे, असं समजूनच वागा. आणि खऱ्या दंडाला ई-चलन किंवा पावती असते.

९. रात्रीचा क्लब

कळंगुट-बागाच्या गल्ल्यांत दलाल उभे असतात. "एंट्री फ्री, मुलींचा ग्रुप आत आहे, हजारात अनलिमिटेड." आत गेल्यावर अनलिमिटेडमध्ये काय मोडतं ते बदलतं, टेबलाजवळ कुणीतरी येऊन बसतं, त्यांचं पेय आपल्या खात्यावर चढतं, आणि बिल येतं तेव्हा दाराशी दणकट माणसं उभी असतात.

नियम दोनच. दलालाच्या मागे जायचं नाही, आणि दरपत्रक पाहिल्याशिवाय काही मागवायचं नाही. अडकलातच तर हुज्जत घालू नका. शक्य तितकं कार्डानं किंवा यूपीआयनं द्या, म्हणजे पैसे कुणाला गेले याची नोंद राहते. बिलाचा फोटो घ्या, बाहेर पडा आणि ११२ ला कळवा. मारामारीत सापडलात तर तक्रारदाराचे आरोपी व्हायला वेळ लागत नाही.

स्वतःचा ग्लास नजरेआड झाला तर तो सोडून नवा घ्या. मित्रमैत्रिणीला प्यायलेल्या प्रमाणापेक्षा फारच जास्त गुंगी आली, जीभ जड झाली, तर "चढली असेल" म्हणून खोलीत झोपवू नका, दवाखान्यात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८. परतताना गाडीचा नंबर आणि आपलं ठिकाण घरच्या एका माणसाला पाठवा.

आणि बसण्याआधी बाहेर पडायचा दुसरा रस्ता पाहून ठेवा. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे इथल्या एका नाइट क्लबच्या आगीत २५ जणांचा जीव गेला. एकच अरुंद जिना किंवा तळघर आणि भरगच्च गर्दी दिसली तर दुसरी जागा शोधा.

१०. काही घडलंच तर

फोन चोरीला गेला तर आधी बँकेला कळवून यूपीआय आणि कार्ड बंद करा, मग सिम बंद करा, मग पोलीस ठाणं. बरेचजण उलट क्रमानं जातात आणि ठाण्यात बसले असतानाच खातं रिकामं होतं. पैशांची ऑनलाइन फसवणूक असेल तर लगेच १९३० वर फोन करा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकायच्या आत अडवता येते ती पहिल्या काही तासांतच.

फोन बंद पाडायला सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर सोय आहे. त्यासाठी फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या यंत्राचा पंधरा आकडी ओळख क्रमांक, आणि पोलीस तक्रारीची प्रत लागते. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की तो क्रमांक दिसतो. निघण्याआधीच तो घरी लिहून ठेवा.

ठाण्यात गेल्यावर एक बारीक चूक होते. "मोबाइल हरवला" असं आपण म्हणतो आणि हरवल्याचा दाखला घेऊन बाहेर पडतो. चोरी झाली असेल तर 'चोरी' असंच लिहा. विम्याच्या दाव्याला हरवल्याचा दाखला सहसा पुरत नाही. एफआयआरची, म्हणजे गुन्ह्याच्या पहिल्या नोंदीची, प्रत तक्रारदाराला फुकट मिळते.

"ही आमची हद्द नाही" हे उत्तर चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवून घ्यावी लागते. हीच झिरो एफआयआर. ती पुढे योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. ऑनलाइन पाठवलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत सही करावी लागते. अधिकारी घेतच नसेल तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. कागद कुठंही दिला तरी दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका, ते कागदी पिशवीत ठेवा आणि आधी रुग्णालय गाठा. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयानं पीडितेवर मोफत उपचार करायचे असतात, आणि पोलिसांना कळवायची जबाबदारीही रुग्णालयाचीच. मोठं सरकारी रुग्णालय बांबोळीला आहे, जिल्हा रुग्णालयं म्हापसा आणि मडगावला.

११. परतल्यावर

विमान चुकेल म्हणून तक्रार राहून गेली तरी दार बंद होत नाही. झिरो एफआयआर आपल्या गावच्या ठाण्यातही होते. महिनाभर कार्डाची स्टेटमेंट तपासत राहा. स्कूटरचा व्हिडिओ, बोटीची पावती, क्लबच्या बिलाचा फोटो, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा.

तक्रार राहते ती बहुतेकदा वेळेअभावी नाही, तर लाजेमुळे. प्यायलो होतो, स्वस्ताच्या मागे लागलो होतो, चारजणांत हसं होईल. ठकाचा सगळा हिशोब या लाजेवरच बांधलेला असतो. रक्कम दोन हजारांची असली तरी लिहून द्या. तोच फोन नंबर, तोच यूपीआय आयडी आणखी कुणाच्या तक्रारीत सापडला की दोन्ही प्रकरणं जोडता येतात, आणि किरकोळ म्हणून बाजूला पडलेला कागद तपासाला लागतो.